पावसाळ्यातला सिकू

बासिलिया अलानोका यांना विला कोयो गावात कुणी नावाने हाक मारत नाही. बाई म्हटलं की त्याच. शाळेत आणखी दोन मास्तर आहेत. एक गणित शिकवतो आणि दुसरा गणित सोडून उरलेलं सगळं. पण ते सोमवारी सकाळच्या गाडीने उगवतात आणि शुक्रवारी दुपारची घंटा वाजायच्या आत पसार होतात. बाई एकतीस वर्षं याच शाळेत आहेत. जन्म इथला, बाप इथला, स्वतःला पुरायची जागासुद्धा त्यांनी बघून ठेवली आहे, बापाच्या डाव्या हाताला. लग्न झालं होतं. नवरा सीमेपलीकडे चिलीतल्या खाणीत कामाला म्हणून गेला, दोन वर्षं पत्रं आली, मग पत्रं यायची थांबली. मूलबाळ नाही. मूलबाळ नाही असं त्यांच्यासमोर म्हणायची मात्र कुणाची छाती नाही, कारण गावातल्या निम्म्या बापयांची नाकं बाईंनी पुसलेली आहेत.

बाई सिकू शिकवतात. सिकू म्हणजे लहानमोठ्या बोरूंच्या नळ्या ओळीने बांधलेला जुडगा, आणि त्याची गोम अशी की तो एकट्याला वाजवता येत नाही. गाण्याचे सूर दोन जुडग्यांत वाटलेले असतात. एकाला म्हणायचं इरा, दुसऱ्याला आर्का. एक सूर इराने फुंकायचा, पुढचा आर्काने, त्याच्या पुढचा पुन्हा इराने. दोघांचा दम एकमेकांत बसला तर गाणं होतं, नाहीतर नुसता खोकला. बाईंची एक जुनी खोड होती. ज्या दोन पोरांचं पटत नाही, त्यांचीच त्या जोडी लावायच्या. सोमवारी एकमेकांचे केस उपटणारी पोरं गुरुवारपर्यंत एकमेकांच्या श्वासाकडे कान लावून बसलेली असायची. "बाई, ह्याच्याबरोबर नको, ह्याच्या तोंडाला वास येतो," असं कुणी म्हटलं की बाई म्हणायच्या, "तुझ्याही येतो. लावा ओठाला."

त्या शाळेत लागल्या तेव्हा बेचाळीस पोरं होती, एकवीस जोड्या. मग माणसं शहरात जायला लागली. घर जातं तेव्हा पोर जातं, आणि पोर गेलं की दुसऱ्याच्या हातात अर्धं गाणं राहतं. बाईंच्या कपाटात असे एकोणीस अर्धे सिकू पडून होते. यंदा आठ पोरं उरली होती. चार जोड्या.

आता एक गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मेलेल्यांना जेवू घालून निरोप दिला, की सिकू कापडात गुंडाळून ठेवायचा. तिथून फेब्रुवारीतल्या कार्निवलपर्यंत त्याला ओठ लावायचा नाही. ते दिवस पावसाचे, म्हणून तार्काचे. तार्का म्हणजे लाकडाची घोगरी बासरी, तिच्या आवाजाने ढग जमतात. सिकूने उलटं होतं, आभाळ निवळतं, आणि निवळलेल्या आभाळातून गारठा उतरतो. जून-जुलैत, आमच्या हिवाळ्यात, तो गारठा हवाच असतो, त्याच्याशिवाय बटाटा उघड्यावर गोठवून सुकवणार कसा आणि वर्षभराचा चुन्यो साठवणार कसा? पण नोव्हेंबरात शेतात कोवळा पाला असतो. तेव्हा उतरलेला गारठा एका रात्रीत वर्ष खाऊन जातो.

बाईंचा बाप ग्रेगोरिओ हा सिकूवाल्यांचा म्होरक्या. त्या काळी मुलींनी सिकूला हात लावायचा नाही. बासिलिया लामा चारायला न्यायची आणि रिकाम्या बाटल्यांत कमीजास्त पाणी भरून फुंकत बसायची. पुढे ती शिक्षकांच्या शाळेत शिकायला गेली, तिथे पहिल्यांदा सिकू तिच्या हातात आला, आणि तिथेच एक चष्मेवाले गुरुजी वर्गात म्हणाले होते, "बोरू फुंकून गारठा पडत असता, तर आम्ही फ्रिज कशाला घेतला असता?" सगळा वर्ग हसला. बासिलियाही हसली. आणि त्या नोव्हेंबरात घरी येऊन तिने सिकू कापडात गुंडाळून ठेवला. पुढे एकतीस वर्षं हेच. कागदावर लिहायची वेळ आली की त्या लिहायच्या, लोकसमजूत. दोन तारीख आली की स्वतः कपाटाला कुलूप लावायच्या. यातलं खरं काय, याचा सोक्षमोक्ष लावायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती, आणि त्यांनीही ती आपणहून ओढवून घेतली नव्हती.

ती पाळी ऑक्टोबर सरता सरता आली. जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीतून पत्र आलं. पोरं कमी झाली, तेव्हा संगीतशिक्षकांच्या जागा कमी करायच्या आहेत. बावीस नोव्हेंबरला शाळांचा मेळावा. ज्या शाळेची आठ मुलं सिकू वाजवून दाखवतील तिथली जागा राहील, बाकीच्या नव्या वर्षापासून बंद.

बाई तीन तास गाडीने धक्के खात कचेरीत गेल्या. साहेबांचं नाव लिम्बेर्त ओवांदो, वय तीस, जन्म शहरातला.

"साहेब, तारीख बदला. नाहीतर आम्हाला तार्का वाजवू द्या. माझी पोरं तार्का उत्तम वाजवतात."

"आदेशात सिकू लिहिलंय, बाई."

"आदेश कुणी काढला?"

"वरून आलाय."

"वरच्यांना सांगा ना, नोव्हेंबरात सिकू वाजवत नाहीत."

साहेबांनी मान वर केली. "का? बिघडतो?"

"पीक बिघडतं."

साहेब हसले नाहीत, हा त्यांचा चांगुलपणाच म्हणायला हवा. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, मी तुम्हाला खरं सांगू? मला अकरा जागा बंद करायच्यात. मी कारणंच शोधतोय. तुम्ही मला कारण देऊ नका."

बाई परत आल्या त्या थेट तेओफिलोच्या शेतात गेल्या. तेओफिलो सिर्पा यंदा गावाचा मुखिया. गळ्यात मानाचा चाबूक अडकवून तो नि त्याची बायको बटाट्याला माती लावत होते. हा तेओफिलो बाईंच्याच हाताखालचा, चौथीत असताना आर्का वाजवायचा, दम कमी, दर तिसऱ्या सुराला मान टाकायचा.

"तेओफिलो, मला तीन आठवडे हवेत. भिंतीआड वाजवू. खिडक्या बंद करून."

तेओफिलोने कुदळ टेकली. "बाई, तुम्ही मला मारलंय याच्यावरून. आठवतंय? मेलेल्यांच्या सणानंतर मी एकदाच फुंकला होता, तुम्ही पट्टीने हातावर दिलीत."

"आठवतंय."

"मग?"

"मग माझी जागा गेली तर पोरांना कोण शिकवणार? तू? तुला तर अजून शिंकही धड येत नाही."

त्याची बायको खुदकन हसली, पण तेओफिलो हसला नाही. "कार्निवलनंतर वाजवा, रात्रंदिवस वाजवा, मी स्वतः कोकाची पानं आणि दारू घेऊन ऐकायला बसतो. आत्ता नाही. पेरल्यापासून एकच सर आलीय, बाई. भिंत तुमच्या-माझ्यासाठी. आभाळाला कसली भिंत?"

"जागा गेली तर पुढच्या वर्षी वाजवायलाच कुणी नसेल, तेओफिलो. तुझ्या पोराला इरा म्हणजे काय तेही कळणार नाही."

"बटाटा गेला तर पोरच नसेल इथे. तेही शहरात." तो पुन्हा माती ओढायला लागला.

दोघांचंही खरं होतं, हीच तर पंचाईत.

बाईंनी आधी तोंडी तालीम केली. नुसते सूर गायचे, ओठाला नळी लावायची नाही. दोन तारखेपासून बारा तारखेपर्यंत पोरं आपापला अर्धा भाग गात होती, आणि सगळं पाठ झालं होतं. पण सिकूला गळा नाही, दम लागतो, आणि दम काही पाठ करता येत नाही. बारा तारखेला दुपारी बाईंनी आठही पोरांना शाळेच्या सामानाच्या खोलीत नेलं, खिडकीत मेंढीची कातडी कोंबली, दाराच्या फटीत गोणपाट लावलं आणि कपाटाचं कुलूप काढलं.

पोरांनी सिकू हातात घेतले, पण ओठाला कुणीच लावेना.

देल्मिरा चोके नऊ वर्षांची. आई चिलीत धुणीभांडी करते, पोर आजीजवळ. इरा वाजवणाऱ्यांत तिच्यासारखा दम बाईंनी एकतीस वर्षांत पाहिला नव्हता. ती म्हणाली, "बाई, चालतं का?"

"आवाज बाहेर जात नाही."

"आवाज बाहेर नाही गेला तर चालतं?"

बाईंनी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "चालतं. आणि घरी सांगायचं नाही. तार्काची तालीम आहे म्हणायचं."

सगळ्यांत आधी देल्मिराने फुंकलं. बाईंवर तिचा तेवढा विश्वास होता.

दहा दिवस ती खोली रोज बंद झाली. त्या बंद खोलीत पोरं अशी वाजवायला लागली की बाई ऐकता ऐकता खिडकीतली कातडी आणखी आत दाबायच्या. देल्मिरा आणि तिची आर्कावाली सुल्मा कोंदो, या दोघींचे सूर कुठे जोडले जातात ते बाईंनाही कळेना. तालीम संपली की बाई बाहेर येऊन आधी आभाळ बघायच्या. ढग यायचे, थोडे थांबायचे आणि निघून जायचे. नोव्हेंबरात ढग असंच करतात, असं त्या स्वतःला सांगायच्या. ते खरंही होतं, कधीकधी करतात.

मेळाव्यात बारा शाळा होत्या. विला कोयोच्या पोरांनी वाजवलं तेव्हा लिम्बेर्त ओवांदो साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांनी तिथल्या तिथे कागदावर शिक्का मारला. जागा राहिली. बाईंनी सगळ्यांना तळलेली कोंबडी आणि भात खाऊ घातला. सुल्माने भात सांडला, देल्मिरा हसता हसता ठसकली, परतीच्या गाडीत आठही पोरं एकमेकांच्या अंगावर पडून झोपली. बाईंनी शिक्क्याचा कागद शालीआड छातीशी धरला होता. आयुष्यात इतकं सुख झाल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

बारा शाळांच्या मेळाव्यात मोबाइल नसतील असं त्यांना का वाटलं होतं कोण जाणे. सोमवारी दुपारपर्यंत सगळ्या गावाने ते चित्रण पाहिलं. तार्का नव्हे, सिकू.

आणि मंगळवारी पहाटे गारठा पडला.

सकाळी उन्हं वर आल्यावर पाला आधी पाणचट दिसला, मग काळा. दहा वाजेपर्यंत डोंगराच्या पायथ्यापासून शाळेच्या कुंपणापर्यंत सगळी शेतं उकडलेल्या भाजीसारखी जमिनीला चिकटली होती. कुणी रडलं नाही. बायका वाकून एकेक पान बोटांत चोळून बघत होत्या आणि पुढच्या सरीकडे जात होत्या. जणू एखादं तरी चुकून राहिलं असेल.

दुपारी सभा भरली. सुल्माचा बाप इलारियोन उठून ओरडला, "माझ्या पोरीकडून माझंच शेत जाळवलंत!" त्याला लोकांनी खाली बसवलं. गणिताचे विल्सन मास्तर सांगायला गेले की रेडिओवर बातमी आहे, गारठा आपल्याकडेच नाही, पार सीमेपर्यंत सगळ्या पठारावर पडलाय. मागून एक म्हातारी म्हणाली, "पडणारच. बारा शाळा होत्या ना तिथे?" विल्सन मास्तर खाली बसले.

तेओफिलो उभा राहिला. त्याचा आवाज चढला नाही. तो म्हणाला, "बाई, तुम्हाला नियम माहीत नव्हता असं नाही. आम्हाला तो तुम्हीच शिकवलात. परका माणूस असता तर मी त्याला समजावलं असतं. तुम्हाला काय समजावू?"

बाई म्हणाल्या, "चूक माझी. पोरांना कुणी बोलू नका."

गावाने शिक्षा केली नाही, हाकलून दिलं नाही. आमच्याकडे असं मोडलेलं दुरुस्त करायची रीत आहे. दुसऱ्या दिवशी सगळं गाव डोंगरावर गेलं, पाऊस आणि गारठा आम्ही त्याच्याच हाती मानतो. धूप, कोका, लामाची चरबी जाळली. बाईंनी सगळ्यांसमोर दगडांवर गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं आणि डोंगराची माफी मागितली. गुडघे फुटले, रक्त आलं. आठही पोरं बघत होती. खाली आल्यावर लोकांनी घरात उरलेलं उशिराचं बियाणं काढलं आणि पुन्हा पेरायला सुरुवात केली. तेही गेलं तर पेरायला घरात आता काही नव्हतं. एका बाईने तर बासिलियाबाईंना वाडगाभर किन्वा धान्याची पेजही आणून दिली. म्हणजे गावापुरतं ते प्रकरण मिटलं होतं.

चौथ्या दिवशी देल्मिराची आजी शाळेच्या फाटकात येऊन उभी राहिली. हासिन्ता आजी. बाईंच्या बापाच्या सिकूवर या आजीने तरुणपणी नाच केलेला.

"चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. "पोरगी जेवत नाही."

"कधीपासून?"

"गारठा पडला तेव्हापासून. तोंडच उघडत नाही. नाकातोंडावर शाल धरून बसते. म्हणते, माझा श्वास बाहेर गेला की कुणाचं तरी शेत जाईल. काल चक्कर येऊन पडली. दवाखान्यातली नर्स म्हणते, शहरात ने, सलाईन लाव. शहरात काय सांगू मी त्यांना? तिला काय झालंय म्हणून सांगू?"

देल्मिरा लामांच्या गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली होती. शालीच्या वर नुसते डोळे. चार दिवसांत तिचं मनगट काटकीएवढं झालं होतं. बाई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. फुटलेले गुडघे वाकवताना त्यांच्या तोंडून आवाज आला, तेव्हा पोरीने क्षणभर वळून बघितलं.

"देल्मिरा, दोष तुझा नाही. माझा आहे."

शालीआडून बारीक आवाज आला. "फुंकलं मी."

"मी सांगितलं म्हणून फुंकलंस."

"सांगितलं तुम्ही. फुंकलं मी."

"बरं. पण आपण माफी मागितली ना? तू होतीस. मी गुडघे टेकले, डोंगराने ऐकलं."

"ऐकलं?"

"ऐकलं."

"मग आजीचा पाला परत हिरवा का नाही झाला?"

 मेलेला पाला हिरवा होत नसतो, असं सांगता आलं असतं, पण हे त्या पोरीला चांगलं ठाऊक होतं, त्याच्यामुळेच तर ती शाल धरून बसली होती. दारात आजी वाडगा घेऊन उभी होती. पेजेवरची वाफ विरत चालली होती. पोरीच्या ओठांच्या कडा सुकून तडकल्या होत्या, शालीला त्यांचं रक्त लागलं होतं.

एकतीस वर्षं जे टाळलं होतं, ते बाईंनी त्या भिंतीशी बसून केलं.

"ऐक देल्मिरा. डोंगर ऐकत नाही."

पोरगी हलली नाही.

"सिकू म्हणजे बोरू. त्यात वारा जातो, आवाज निघतो, संपलं. गारठा आपला आपण पडतो. तू घरी झोपून राहिली असतीस तरी पडला असता."

"आणि तार्काने पाऊस येतो तो?"

"तोही आपला आपण येतो."

"मग तुम्ही गुडघे का टेकले?"

"लोकांना बरं वाटावं म्हणून."

देल्मिरा बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. नऊ वर्षांचं पोर मोठ्या माणसाकडे असं बघतं तेव्हा कुठे तोंड लपवावं कळत नाही. मग तिने विचारलं, "म्हणजे आपण वाजवतो ते कुणीच ऐकत नाही?"

"कुणीच नाही."

शाल खाली आली. आजीने पुढे होऊन वाडगा पोरीच्या हातात दिला. पोरीने आधी एक घोट घेतला, मग दुसरा, मग वाडगा तोंडालाच लावला. बाईंना वाटलं, ती पीत असताना तिच्या पाठीवर हात ठेवावा, पण तो हक्क आपला उरलाय की नाही याची त्यांना खात्री वाटेना.

आजी फाटकापर्यंत सोडायला आली. "लेकरू वाचवलंस," ती म्हणाली. "देव तुझं भलं करो. पण मी दारात उभी होते, बासिलिया. सगळं ऐकलंय. तुझ्या बापाने हे ऐकलं असतं तर?"

बाई तशाच निघाल्या. वाटेत कुणी नव्हतं, तेव्हा त्यांनी तेच वाक्य पुन्हा स्वतःशी मोठ्याने म्हणून बघितलं, डोंगर ऐकत नाही. ते त्यांना खरं वाटलं नाही. खोटंही वाटलं नाही. नवरा गेला तेव्हाही त्यांना इतकं एकटं वाटलं नव्हतं. बापाने दिलेलं सगळं आपण एका वाडग्याच्या बदल्यात देऊन टाकलं, आणि पुन्हा वेळ आली तरी देऊ, एवढंच त्यांना कळत होतं.

देल्मिरा सोमवारी शाळेत आली. चेहरा अजून ओढलेला, पण पाय जमिनीवर ठरत नव्हते. पोरीच्या छातीवरचा धोंडा उतरला होता, आणि असा धोंडा उतरला की माणूस गप्प बसत नाही. मधल्या सुट्टीत तिने सुल्माला सांगितलं, सुल्माने बाकीच्या सहांना. त्या सातांच्याही छातीवर आपापला धोंडा होताच, कुणी विचारलं नव्हतं इतकंच. सुल्मा तर रोज रात्री बापाच्या पायाशी झोपत होती, तो उठून शेताकडे जाईल नि जीव देईल या भीतीने.

दोन आठवडे गेले. शाळेचं वर्ष संपायला तीन दिवस उरले होते. बाई आतल्या खोलीत वर्षाअखेरचे तक्ते भरत होत्या. बाहेर लख्ख ऊन. पुन्हा पेरलेल्या शेतांत कोंब जेमतेम मातीबाहेर आले होते, आणि गाव आठवडाभर आभाळाकडे डोळे लावून होतं.

तेवढ्यात अंगणातून सिकू वाजला.

तालमीच्या दिवसांपासून कपाटाला कुलूप लावायचं बाईंच्या लक्षातच राहिलं नव्हतं. लेखणी टाकून त्या धावत बाहेर आल्या. आठही पोरं कुंपणाच्या दगडी भिंतीवर उघड्यावर ओळीने बसली होती, पाय हलवत, हसत, आणि मेळाव्यातलं गाणं वाजवत होती. इतकं मोकळं त्यांनी कधीच वाजवलं नव्हतं. 

"बंद करा! ठेवा ते खाली! आधी ठेवा!"

सूर तुटले. पोरं दचकून बघत राहिली. बाईंची नजर आपोआप वर, आभाळाकडे गेली होती. देल्मिराने ते पाहिलं. तिचं हसू हळूहळू मावळलं. सिकू अजून हनुवटीशीच होता.

"का बाई?" तिने विचारलं. "कुणीच ऐकत नाही ना?"

पलीकडच्या शेतात माणसांनी पाठी सरळ केल्या होत्या. कुणीतरी कुदळ खांद्यावर घेतली. तेओफिलो बांधावरून शाळेच्या दिशेने चालायला लागला होता, त्याच्यामागे इलारियोन, त्याच्यामागे आणखी दोघे, मग बायका. देल्मिराचा रिकामा हात खांद्यावरच्या शालीच्या टोकाकडे गेला होता आणि तिथे थांबला होता.

"नाही," बाई म्हणाल्या. "कुणी ऐकत नाही."

"मग वाजवू?"

"वाजव."

पोरीने ओठाला नळी लावली. सुल्माने तिचा सूर उचलला, मग बाकीच्यांनी. बाईंनी खांद्यावरची शाल सारखी केली आणि येणाऱ्या माणसांना सामोऱ्या जायला त्या फाटकाकडे निघाल्या.